हाल्मोश काल्मानची बायको

दगडावर तिचंच नाव होतं. म्हणजे अजून तिचं झालं नव्हतं, पण महिन्याभरात होणार होतं. ‘हाल्मोश काल्मानची बायको, १९५४–१९८०.’ इबोया हातातली शेवंती घट्ट धरून उभी राहिली. तिचाही जन्म चोपन्न सालचाच.

तिसा नदीकाठच्या आमच्या गावात रीतच अशी. बाई लग्न होऊन आली की नवऱ्याचं अख्खं नाव घ्यायचं आणि पुढे ‘बायको’ जोडायचं. तिचं स्वतःचं नाव माहेरी राहतं. कायद्याने आता दुसऱ्या पद्धतीही चालतात, पण त्या बुडापेश्तच्या बायकांसाठी, असं आम्ही मानतो. काल्मानची पहिली बायको बाळंतपणात गेली, बाळही गेलं. आता दुसरी येतेय, तर तिने तेच नाव घ्यायचं, यात गावात कुणालाही वावगं वाटलं नव्हतं. त्याच दगडावर काल्मानचंही नाव आधीच कोरून ठेवलेलं होतं, जन्मसालापुढे मोकळी जागा सोडून. जोडप्यातलं एक गेलं की दुसऱ्याचंही नाव घालून घेतात आमच्याकडे, पाथरवटाला दोनदा कोण बोलावणार? इबोयाच्या मनात आलं, आपल्या वेळी तर त्याला बोलवायलाच नको. नाव तयारच आहे.

“नीट वाच,” मागून होणारी सासू म्हणाली.

या बाईला गावात सगळे ‘मिहायची बायको’ म्हणतात. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली तरी तेच. दरारा असा की पाववाला तिला कालचा पाव द्यायला धजत नाही. मृतांचा दिवस होता, अख्खी दफनभूमी मेणबत्त्यांनी भरली होती, आणि या बाईनेच इबोयाला हट्टाने सोबत आणलं होतं. काल्मान पुढच्या कबरीवरची पानं झाडत होता. ती कबर त्याच्या वडिलांची. तिथेही वर मिहायचं नाव आणि खाली ‘आणि त्याची बायको’, बाकी सगळं वेलीने झाकलेलं. म्हातारीने आपलीही सोय करून ठेवलीय, असं इबोयाला वाटलं.

“काकू, हिचं नाव काय होतं?” इबोयाने विचारलं.

“दगडावर आहे?”

“नाही. ते नाही. तिचं स्वतःचं.”

“दगडावर नाही ना? मग झालं तर,” म्हातारी म्हणाली आणि मेणबत्ती लावायला वाकली.

इबोयाला त्या दिवसापासून जेवण जाईना. दुसऱ्या दिवशी म्हातारीने तिला घरी बोलावून कपाट उघडलं. डांबरगोळ्यांच्या वासाचे पांढरे अभ्रे, टॉवेल, चादरी, सगळ्यांच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने काल्मानच्या नावाची अक्षरं भरलेली. “बघ, पहिलीने भरलीत. एक टाका उसवायला नको. तू आलीस तरी अक्षरं तीच,” म्हातारी म्हणाली आणि एक अभ्रा तिच्या हातात कोंबला. तो गार होता. इबोयाने तो घाईने परत कपाटात ठेवला.

तिने काल्मानजवळ विषय काढून पाहिला. बिचारा भला माणूस, पण आईसमोर त्याची मान वर होत नाही. “नावात काय एवढं? आईला दुखवू नकोस म्हणजे झालं,” तो म्हणाला. काल्मान तिला मनापासून आवडत होता, पंचाईत तीच. नाव नको म्हटलं तर म्हातारी लग्न मोडणार. हो म्हटलं तर तो दगड होताच वाट बघत.

मंगळवारी तिघं नोंदणी कचेरीत गेली. म्हातारी मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. कारकून बाईंनी जन्मतारखा लिहून घेतल्या, वडिलांची नावं लिहून घेतली.

“लग्नानंतरचं नाव? हाल्मोश काल्मानची बायको, दुसरं काय? लिहूनच टाकते,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन टेकवलं.

पाठीवर म्हातारीची नजर तिला जाणवत होती. आता गप्प राहिले तर कायमचं, एवढंच तिला कळत होतं.

“नको. चेर्नुश इबोया लिहा. आहे तेच राहू दे,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

काल्मानने मागे वळून आईकडे पाहिलं. बाक करकरला. म्हातारी उठून टेबलापाशी आली, आणि इबोयाने डोळे मिटून घेतले. संपलं सगळं, तिला वाटलं.

“ती सांगतेय तसं लिहा,” म्हातारी कारकून बाईंना म्हणाली. मग ती इबोयाच्या शेजारच्या खुर्चीत धपकन बसली. “किती वेळ लावलास गं. दगड दाखवला, कपाट दाखवलं, आणखी काय दाखवायचं राहिलं होतं?”

इबोयाने डोळे उघडले. “मला वाटलं, तुम्ही मला धमकावताय.”

“घराण्याच्या रीतीविरुद्ध मी तोंडाने कशी बोलणार? तू बोललीस तर मला मागे उभं राहता येतं.” म्हातारीने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, परत सोडला. “आमच्या ह्यांच्या नावाखाली ‘आणि त्याची बायको’ आहे ना, ती मी नव्हे, ह्यांची पहिली. वेल बाजूला केलीस तर ती गेली ते साल दिसेल, एकोणीसशे त्रेचाळीस. मला ते लग्न झाल्यावर दाखवलं.”