लांबचं झाड

नागपूरच्या कॉलेजात पुनमची सगळी फी एक संस्था भरणार होती, होस्टेल-जेवणासकट. वाघानं ज्यांच्या घरचं माणूस नेलं, त्यांच्या लेकरांसाठीच होती ती शिष्यवृत्ती. पुण्याचं कॉलेज त्याहून कितीतरी नावाजलेलं, पण तिथं बँकेचं कर्ज काढावं लागणार होतं.

"मी पुण्यालेच जाईन," पुनम म्हणाली. "कर्ज फेडत राहीन जन्मभर. पण बाबाच्या जिवाचे पैसे नाई पाहिजे मले."

आई अंगणात मोहाच्या बिया फोडत बसली होती. तिचा हात थांबला नाही.

"आपले तीन मोह कसे वाटून ठेवले होते तुया बापानं, आठवते?"

आठवत होतं. बाबानं तिन्ही झाडांना कामं लावून दिली होती. घरामागच्या झाडाच्या फुलांवर तेल-मीठ चालायचं, नाल्याजवळच्या झाडावर कपडालत्ता. पहाडीखालचं लांबचं झाड पुनमच्या शिक्षणाचं. त्याचा पैसा दुसरीकडे कधी वळला नाही.

"त्या साली तेल-मिठाचं झालं होतं, कपड्याचंबी झालं होतं," आई म्हणाली. "मी म्हटलं, पहाडीखाली नका जाऊ, तिकडे वाघ फिरून राह्यला. तो म्हणे, पोरीची फी बाकी हाये ना."

आता मात्र तिचा हात थांबला.

"फी भराले गेला होता तुया बाप, पुनम. भरली त्यानं."