वाटीवरचं नाव

फुलपाड्यात राहायला आल्यापासून जयवंतकाकांचा एकच नियम होता, शेजाऱ्यांशी संबंध ठेवायचा नाही. समोरची हेमाली हट्टाने वाटीभर भाजी पाठवायची आणि काका वाटी लखलखीत घासून रिकामीच परत करायचे. “काका, शेजारणीची वाटी रिकामी देतात का? चिमूटभर साखर तरी टाका!” “टाकली तर तुझं येणं-जाणं वाढेल.” मग हेमाली डेंग्यूने आडवी झाली आणि चार दिवस वाटीच आली नाही. पाचव्या दिवशी काका स्वतः आपल्याकडच्या एका जुन्या वाटीत पेज घेऊन तिच्या दारात उभे! हेमालीने वाटीवर कोरलेलं नाव वाचलं. “द्वारका कोण?” “आधीच्या इमारतीतली शेजारीण. इमारत कोसळली, ढिगाऱ्यातून मी आणि तिची ही वाटी एवढेच निघालो.” हेमालीने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “काका, मीठ?” “उद्या घालतो,” काका गुरगुरले, “पण ही वाटी रिकामी पाठवू नकोस.”