दोन दिवे, एक श्वास

पुन्हा लुआचाच दिवा आधी लागला. पायथनचा मागोमाग, पापणी लवेल इतक्याच उशिराने.

"हरलात, दादा," जावईबापू म्हणाले. आवाजात सांत्वनाचा लवलेश नव्हता.

जेवणाच्या टेबलावर बिस्किटाएवढे दोन बोर्ड होते, एक पायथनचा, एक लुआचा, दोन्हींवर एकेक लाल दिवा. दाराच्या फटीतून एक वायर आईच्या खोलीत, तिच्या गादीखालच्या पट्टीपर्यंत गेली होती. आईने श्वास घेतला की दिवे लागत. झोपेत तिचा श्वास अडकायचा. अडकला की घंटा वाजवणारं यंत्र मुलगा आणि जावई मिळून बनवत होते. म्हणजे, बनवणार होते. आधी प्रोग्राम कोणत्या संगणकी भाषेत लिहायचा हे ठरायचं होतं. मुलाचा जीव पायथनवर, जावयाचा लुआवर. आईवर दोघांचाही होता, पण त्याची चाचणी कोणी घेत नव्हतं.

"अहो, एकदा आत डोकावून या ना," सूनबाई म्हणाली. "कधीच्या झोपल्यात."

"दार करकरतं. उठली तर आपली खैर नाही. दिवा लागतोय ना? मग झालं."

दिवा लागत होता. मुलाने प्रोग्राममधल्या दोन ओळी उडवल्या, तिसरी आखडली. पुन्हा फेरी सुरू. अंतर जरासं घटलं. जावईबापूंच्या कपाळाला आठी पडली, तसा मुलाला हुरूप आला.

मग आईने एक लांब श्वास घेतला. दिवे रेंगाळले, विझले, आणि लागेचनात. सगळे पुढे वाकले. लागले एकदाचे. सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

मागच्या फेरीतही असंच झालं होतं. तिच्या आधीच्याही. पुढच्या फेरीत मुलाने पायथनकडे पाहिलंच नाही. तो फक्त वाट बघत राहिला. लांब श्वास आला. थांबला. तेवढाच थांबला.

"आई काय घड्याळ लावून श्वास घेते की काय!" तो हसला. हसता हसता थांबला.

जावईबापू स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाले, "अहो, हा मघाचाच श्वास. माणूस दर वेळी वेगळा श्वास घेतो, मग दोन भाषांची तुलना व्हायची कशी? तुम्ही चहा टाकायला उठलात ना, तेव्हाच पट्टीची वायर काढली मी. रेकॉर्ड करून घेतलेली एकच फेरी फिरवतोय. दोघांनाही सारखा न्याय. ही रीत तुम्हीच तर शिकवलीत मला."

"वायर काढलीत?"

कपातल्या उरलेल्या चहावर साय वाळून सुरकुतली होती.

सूनबाई केव्हाच उठली होती. दार चांगलं मोठ्याने करकरलं. आतून कोणी रागावलं नाही.

"आई," तिची हाक आली. मग जरा मोठ्याने, "आई, अहो आई!"

टेबलावर आईने एक लांब श्वास घेतला, थांबली, आणि पुन्हा श्वास घेऊ लागली.