मारुतीच्या पाठीवरचं तेल

कामिनीनं केळीवर फवारायचा पंप पाठीला अडकवला आणि मारुतीला धुवायला घेतलं.

मे महिन्यात धरण आटलं, की बुडालेल्या गावातला एवढा एकच देव चिखलातून वर येतो. देऊळ कधीच वाहून गेलं. वर्षभर पाण्यात राहूनही उन्हात तापला की त्याच्या अंगातून तेल पाझरतं, आणि ते डोळ्यांनी बघितल्यावरच सुगंधाबाई कपाळाला कुंकू लावून घरी परततात. त्यांचे यजमान रतिलाल पाणी चढत असताना हा देव उपटून आणायला गेले, ते गेलेच. त्यांचं प्रेतही हाती लागलं नाही. "जोवर तेल शे, तोवर त्या शेतस," तेल आहे तोवर आजोबा आहेत, हा आजीचा हिशेब.

यंदा मात्र नातीनं, कामिनीनं, त्यांच्याकडून शब्द घेतला होता. धुतल्यावर दगड कोरडा राहिला, तर आजोबांचं तेरावं करायचं. कामिनी जळगावला भूशास्त्र शिकवते. दगडाधोंड्यांना ती भीत नाही. आजीच्या वाट बघण्याची मात्र तिला फार भीती वाटते.

पंप रिकामा झाला. पाणी दगडात मुरलं आणि खालून नितळ बाहेर आलं. तवंग नाही की वास नाही.

"बघ आजी, संपलं."

सुगंधाबाई पदर ओढून बसून राहिल्या. ऊन मी म्हणत होतं. दगड वाळला, आणि मग त्याच्या पाठीवर काळपट ओल वर येऊ लागली. ही पाठ देवळाच्या भिंतीत असायची. तिथं कुणी कधी तेल लावलं नव्हतं. आधी पाच बोटं उमटली, मग तळवा. कामिनीच्या तोंडचं पाणी पळालं.

पण शिकवायची सवय जाते कुठे!

"आजी, हा वाळूचा दगड, सातपुड्यापलीकडून आणलेला. आत बारीक छिद्रं असतात, गल्लीबोळांसारखी. पाणी आलं की रुंद गल्लीनं सरळ निघून जातं. बंद बोळातलं तेल तिथंच अडकतं. कितीही पाणी घाल, त्याला बाहेरची वाट मिळत नाही."

सुगंधाबाईंनी कुंकवाची डबी उघडली होती. ती तशीच मिटली.

"इतला साल मी समजनू, त्या मनासाठे थांबेल शेतस," त्या हळूच म्हणाल्या. "त्या तं अडकेल शेतस, बाई."

आजोबा आजीसाठी थांबलेले नाहीत, नुसते अडकलेत, हे आपणच तिला शिकवलं; कामिनीला आपली जीभ चावावीशी वाटली.

आजी उठल्या. उजवा हात त्यांनी त्या ओल्या पंजावर टेकवला, बोटावर बोट ठेवून. तापल्या दगडाचा चटका बसेल म्हणून कामिनीनं त्यांचं मनगट धरलं आणि मागं ओढलं.

आजीचा हात दगडावरून सुटेना.