परिस्थिती नियंत्रणात

परदेशातल्या त्या राजधानीवर बॉम्ब पडू लागले, तशी दूतावासातली बायकामुलं भारतात धाडली गेली. मागे राहिले राजदूत दिगंबरराव, तीस वर्षं देशादेशांशी तोलूनमापून बोलत आलेला माणूस. दर्यापूरला सासूकडे, पार्वताबाईंकडे, आलेल्या रागिणीला पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. तिने घाईघाईने स्पीकर लावून तो सासूपुढे धरला.

“आई, काळजी करू नकोस. इथे परिस्थिती नियंत्रणात आहे.”

एवढंच बोलणं झालं आणि फोन कटला. रागिणीचा जीव भांड्यात पडला. “किती शांत बोलले, बघा!”

पार्वताबाईंनी मात्र तिचा हात घट्ट धरला.



“देवापाशी दिवा लाव, रागिणी. जलमभर मले माय म्हने तो. आज आई म्हनला.”