मोठा झाला की कुठं जातो?

"ह्यो मोठा झाला की कुटं जातो?" नवनाथनं पुन्हा विचारलं, आणि त्याच्या बायकोनं, चैतालीनं, कपाळावर हात मारून घेतला.

तिसरा रविवार. तिसरं दुकान. पहिल्या दुकानात ह्याला काचेची टाकी तकलादू वाटली. दुसऱ्या दुकानात प्रत्येक माशापुढं उभा राहून ह्यानं हाच प्रश्न असा घोळवला, की शेवटी मालक म्हणाला, "मोठा झाला की कॉलेजला जातो. आता निघा." आज नवी पेठेतल्या एका बोळात नंदीशचं दुकान गाठलं होतं. नंदीश बिचारा कधीचा टाक्या दाखवत होता. ही गोल, ही दोन फुटी, ही दिव्यासकट. नवनाथचं प्रत्येकीला नाक मुरडणं चालूच. पाणी गरम करायचं यंत्र कशाला, सोलापुरात ऊन कमी पडलंय का? नळ चार-चार दिवस येत न्हाय, ह्यास्नी पाणी कुटनं घालू?

"अवो, मासा घ्यायचाय का लेकीला स्थळ बघायचंय?" चैताली म्हणाली. नंदीश हसला. नवनाथ हसला नाही.

तिचं डोकं उगाच फिरलं नव्हतं. तिचा जन्म उजनी धरणाच्या काठावर गेला. मासा म्हणजे खवलं, मासा म्हणजे वास. पाटी घेऊन एसटीत बसली की शेजारची बाई नाकाला पदर लावून उठायची. दोन वर्षांमागं धंदा बसला. होडी मोडीत काढून दोघं कुंभारीला भाड्याच्या खोलीत आली. तो टॉवेलच्या कारखान्यात लागला, ती दातांच्या डॉक्टरकडं झाडलोटीला. त्या दवाखान्यात तिनं आयुष्यात पहिल्यांदा नुसता बघायचा मासा बघितला. उजेडात निवांत फिरणारा. त्याला कोणी कापणार नव्हतं, कोणी त्याचा भाव पाडणार नव्हतं. पेशंट दाढेची कळ विसरून बघत बसायचे. तसं काहीतरी तिला आपल्या खोलीत हवं होतं. लग्नापासून तिनं मागितलेली ही पहिलीच बिनकामाची वस्तू. बायकोनं कधी नव्हे ते तोंड उघडावं आणि नवऱ्यानं फौजदारासारखी चौकशी लावावी!

"ही दोन फुटी बांधा," तिनं नंदीशला सांगून टाकलं. "ह्यांचं नका ऐकू. ह्यांनी जन्मभर मासं मारलं. पाळायचं ह्यास्नी काय कळतंय?"

ते नवनाथला लागलं. तरी तो तसाच एका टाकीच्या तळाकडं टक लावून उभा राहिला.

नंदीशचा चेहरा उजळला. सोनेरी, काळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे पाण्याच्या पिशव्यांत पडले. मग त्याच टाकीत जाळी घालून त्यानं तळाचा एक बोटाएवढा काळपट मासा उचलला आणि वेगळ्या पिशवीत सोडला.

"वहिनी, हा माझ्याकडनं फुकट. सकर म्हणतात. शेवाळ खातो, काच लख्ख ठेवतो. घरचा झाडूवालाच समजा."

"आन मोठा झाला की?" नवनाथनं विचारलं.

आता नंदीशही वैतागला. "वाढतो की लई! टाकीत मावंना झाला की लोक धरणात नेऊन सोडतात. मारायचं पाप कशाला घ्यायचं?"

चैतालीनं पिशवी उजेडात धरली. माशानं आतून प्लास्टिकला तोंड चिकटवलं. तोंड पोटाकडच्या अंगाला. पाठीवर काट्यांचा पंखा. अंगावर खवल्यांऐवजी जणू पत्रा ठोकलेला.

एवढासा तिनं कधी पाहिला नव्हता. तिनं पाहिले होते ते हातभर लांबीचे, जाळं भरभरून. काटे गुंतले की जाळं कापल्याशिवाय सुटायचे नाहीत. बाजारात फुकट दिले तरी कोणी घेईना. चांगली मासळी हटत गेली आणि हाच तेवढा माजत गेला. काठावर त्यांचे ढीग सडायचे. ही पीडा आली कुठनं, म्हणून तिनं देवापासून सरकारपर्यंत सगळ्यांना शिव्या घातल्या होत्या. त्याच्या काट्याचा व्रण तिच्या अंगठ्यावर अजून होता.

तिनं नवऱ्याकडं बघितलं. "तुमाला ठावं हुतं?"

"फिशरीचे साहेब सांगून गेलते. शहरातल्या काचंच्या टाक्यांतनं आलंय म्हणाले." तो खाली बघत बोलला. "म्हटलं, ह्यो नसंल असं एक तरी दुकान घावंल. तीन बघितली. सगळीकडं हाय."

"मग सांगायचं न्हाय मला?"

"कसं सांगू? कदी न्हाय ते काय तरी मागितलंस."

नंदीशला ह्यातलं काही उमगलं नाही. "घ्या हो वहिनी, एवढा काय इचार करताय! उजनी म्हंजी समुद्र. एका माशानं काय हुतंय?"

चैतालीनं ती पिशवी अलगद त्याच्यापुढं ठेवली.

"काय हुतंय? आमी हितं राहायला येतो."