होडीचा रंग

माल पसंत पडला, तर चंद्रकांताच्या पदरात पडणार होतं ते एवढंच: संध्याकाळच्या टेम्पोत तिचा मुलगा हितेश बसणार नव्हता.

उत्तरेकडच्या ओखा बंदरातल्या मोठ्या बोटींसाठी खलाशी गोळा करत तो टेम्पो दातिवऱ्यात यायचा. लहान होडीला मासळी लागेना, तेव्हा तिचा नवरा महादू असाच टेम्पोत बसून गेला होता. कुणाची हद्द कुठे संपते ते काही पाण्यावर लिहिलेलं नसतं. तीन वर्षं झाली, महादू हद्दीपलीकडच्या देशात तुरुंगात होता. आता पोराचा नंबर.

मधे आल्या रुचिता मॅडम. केळव्याच्या एका रिसॉर्टची सजावट त्यांच्याकडे होती आणि झाडांच्या कुंड्यांसाठी त्यांना जुनं लोखंड हवं होतं. हितेशने गावातल्या परसांतून चार नग जमवले, फोटो पाठवले. मॅडमनी फोटो मोठे करकरून पाहिले आणि चारही पसंत केले. आज प्रत्यक्ष बघायचे. जमलं, तर किनाऱ्यावरच्या गावांतून असा माल गोळा करायचं काम कायमचं हितेशकडे.

सकाळी तो मॅडमना आणायला सफाळे स्टेशनवर गेला आणि चंद्रकांताने पदर खोचला. मुलगी बघायला पाहुणे येतात तेव्हा तिला कुणी केस पिंजारून बाहेर आणत नाही. एवढी अक्कल पोराला नव्हती, आईला होती. विटेचा तुकडा आणि वाळू घेऊन तिने चारही नग घासले. दर्याकाठच्या बाईचं गंजाशी जन्माचं वैर. एक खपली शिल्लक ठेवली नाही. मग माळ्यावरून निळ्या रंगाचा डबा काढला. हा होडीचा रंग. महादू जायच्या आधी नारळी पुनवेसाठी आणलेला. तो आला की होडी रंगवायची, म्हणून तिने झाकणाला मेण लावून जपला होता.

झाकण उघडताना हात अडला. पण गेलेल्यापेक्षा जायला निघालेला आधी, असा तिने हिशेब केला आणि ब्रश बुडवला.

रिक्षा दाराशी थांबली. मॅडम अंगणात आल्या आणि इकडेतिकडे बघू लागल्या.

"हितेश, माल कुठाय?"

समोर चार निळे नग उन्हात चमकत होते: पाण्याच्या हंड्यांची घडवंची, एक तिपाई, हात धुवायच्या भांड्याचं नक्षीदार स्टँड, आणि सुती जाळी झाडाच्या सालीत उकळायची आजोबांच्या वेळची कढई.

"ह्योच माल, मॅडम," चंद्रकांता पुढे झाली. "गंजून गेलेला. आमच्या घरातनं वस्तू जायाची ती अशी कशी जायाची? पोरानं तुमाला तसाच फोटू दावला. मना लाज वाटली."

मॅडमनी स्टँडच्या नक्षीवरून बोट फिरवलं. बोट निळं झालं.

"काकी, मला तो गंजच हवा होता हो."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागाशी भांडता येतं. बाई थट्टा करतात असं चंद्रकांताला आधी वाटलं. मग तिने हितेशचं तोंड पाहिलं.

"गंजाला काय तोटा हाय, बाय?" ती घाईने म्हणाली. "हितं दर्या हाय नं. रोज खारं पाणी मारते. पंधरा दिवसांत तुमाला पायजे तेवढा गंज देते. पण पोराचं काम तेवढं काढून नका घेऊ."

"शुक्रवारी उद्घाटन आहे, काकी." रुमालाला बोट पुसत मॅडमनी फोन लावला. बोईसरला त्यांचा एक फॅब्रिकेशनवाला होता. कोऱ्या लोखंडाला तेजाब मारून दोन दिवसांत त्याला आजोबा करून द्यायचा. "हां, एकदम पुराना दिखना चाहिए," मॅडम फोनवर म्हणाल्या. "नहीं नहीं, कलर बिलकुल नहीं."

जाताना त्यांनी हितेशच्या खांद्यावर थोपटलं. "फोटो मात्र छान काढतोस."

रिक्षा वळली. हितेश घरात जाऊन पिशवी भरू लागला.

चंद्रकांताने मासळी खारवायचा टप ओढत अंगणात आणला आणि त्यातलं मिठाचं पाणी घडवंचीवर ओतलं. पाणी निळ्या रंगावरून घसरून मातीत गेलं. तिने पुन्हा ओतलं. रंग अस्सल होता, खाऱ्या पाण्याला दाद देत नव्हता. मग ती वीट घेऊन रंगच खरवडायला बसली.

"आये, राहू दे आता."

"तू गप. टेम्पोवाल्याला सांग, पुढच्या खेपेला ये म्हणावं. लोखंडच हाय, गंजेल. किती दिवस नाय गंजणार?"

हितेशने तिच्या हातातली वीट काढून घेतली, चारही नग उचलून भिंतीशी लावले. वाटेत काही नको, म्हणून.

टेम्पो आला तेव्हा ऊन उतरलं होतं. मागच्या फळीवरून हितेशने हात हलवला. तळवा निळा होता.

हिशेब फिटला. मॅडमना जुनं मिळालं, बोईसरवाल्याला गिऱ्हाईक, ओख्याच्या शेठला खलाशी. चंद्रकांताच्या घरातून म्हणायला गेला तो रंग. डब्याच्या तळाशी दोन बोटं उरला होता. तिने झाकण ठोकून बसवलं, कडेने मेण लावलं आणि डबा परत माळ्यावर ठेवला. आता तो दोघांच्या परतीला पुरवायचा होता.